जागेवरचं घोडं

"अंकल, तमे सवारे चालवा जाओ, ने मासी घेर बेठां सायकल चलावे. बेउनुं काम थई गयुं!" दुकानातली मुलगी हसून म्हणाली आणि सुभानरावांनी हातातली किमतीची चिठ्ठी खाली ठेवली. मुलगी वावगं काही बोलली नव्हती. तुम्ही सकाळी चालायला जा, मावशी घरबसल्या सायकल चालवतील, दोघांचंही काम झालं, एवढंच ती म्हणत होती, आणि गिऱ्हाइकाला असं गोड बोलण्याचाच तिला पगार होता. बडोद्याच्या निजामपुऱ्यातलं हे दुकान नवं होतं. आत्ताआत्तापर्यंत इथं लाकडाची वखार होती. आता दर्शनी भिंतभर काच, आत बोचरा एसी, आणि जागच्या जागी पळायची, पाण्यावाचून वल्हवायची, कुठंही न पोचता जिने चढायची यंत्रं मांडलेली. त्यांतल्या सगळ्यांत महागड्या, काळ्या-चंदेरी सायकलीवर कमळा बसली होती. पदर कमरेला खोचलेला, चपला खाली काढून ठेवलेल्या, अनवाणी पाय गोल फिरत होते. डोळ्यांसमोरच्या पट्टीवर लाल आकडे पुढं सरकत होते, पण ती आकड्यांकडे बघत नव्हती. काचेबाहेरच्या रस्त्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की सुभानरावांना वाटलं, ही निघाली. आपल्याला न सांगता कुठंतरी निघाली. तू तिकडे, ती इकडे, दोघांचं काम झालं. हे इतकं सोपं होतं तर! त्यांनी घसा खाकरला, "विचार करून सांगतो" म्हणाले, आणि कमळा उतरून चपला शोधेपर्यंत ते दारापाशी पोचलेसुद्धा होते.

घरात, नात्यागोत्यात सगळे तिला कमळाबाई म्हणत. सुभानराव मनात कमळा म्हणत आणि तोंडानं 'ऐकलं का'. दुकानातून ते गाडीनं घरी निघाले. समा, त्यांची वसाहत, येईपर्यंत त्यांच्या डोक्यात डॉक्टरांची खोली होती. डॉक्टर तरुण, दांडियाबाजारातल्या मास्तरांचा मुलगा. उजेडाच्या पेटीवर दोन गुडघ्यांचे फोटो लावून त्यानं पेन्सिलीनं दाखवलं होतं, इथं गादी असायला हवी, ती नाही, हाडावर हाड. मग त्यानं खुर्ची वळवून विचारलं होतं, "काकी, असल्या गुडघ्यांनी तुम्ही रोज कॅनॉलपर्यंत चालत होता? कधीपासून?" दप्तरात चिंचा सापडलेल्या मुलीसारखी कमळा म्हणाली, "दिवाळीपासून." "दुखत नव्हतं?" "दुखायचं की." "मग बोलला का नाहीत?" तिनं सुभानरावांकडे पाहिलं, पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली आणि म्हणाली, "असंच." मग डॉक्टरनं निकाल दिला. चालणं बंद. कायमचंच समजा. स्नायू धरून ठेवायला सायकल, तीही रस्त्यावरची नको, जागेवरची. आणि काका, तुमची साखर बघता तुमचं चालणं मात्र चुकता कामा नये. बाहेर आल्यावर सुभानराव औषधाच्या दुकानात गेले आणि तिथं उगाचच गर्दी नसताना रांगेत असल्यासारखे उभे राहिले.

त्यांच्या घराण्यात चालण्याची रीतच नव्हती. आजोबा संस्थानच्या पागेत शिलेदार. स्वतःचं घोडं, स्वतःची तलवार. पागेच्या माणसाचे पाय जमिनीला लागले की घराणं उतरलं, असं ते म्हणत म्हणे. चालायचं ते हुजऱ्यानं, टपालवाल्यानं, फार तर पायदळानं. संस्थान गेलं, पागा गेली, घोडं कुणाला तरी देऊन टाकलं, पण रीत कुठं जाते? वडील कचेरीत कारकून झाले आणि तीन गल्ल्या पलीकडच्या कचेरीत सायकलीवरून जाऊ लागले. दसऱ्याला त्या सायकलीला आंघोळ घालत, हँडलला झेंडूची माळ, सीटवर कुंकवाचं बोट, समोर हरभऱ्याची डाळ आणि गूळ. घरात तिला घोडंच म्हणत. मग सुभानरावांची लँब्रेटा आली, तेही घोडं. नंतर सगळीकडे कर्जं सोपी झाली तेव्हा मारुती आली, तेही घोडं. सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून कोथिंबीर आणायची तरी सुभानराव घोडं काढत. शेजारचे पटेल हसत. हसू देत, शेठ लोकांना काय कळणार! आज मात्र मारुती सोसायटीत लावताना त्यांच्या मनात आलं, ही सगळी घोडी माणसाला बसवूनच ठेवत आली. आणि आता हे शेवटचं, ते तर जागचं हलणारसुद्धा नाही.

कमळा नवसारीची. तिचे वडील रस्त्यांच्या खात्यात मोजणीदार, म्हणजे पायी चालण्याचाच पगार घेणारा माणूस. संध्याकाळी ते आपल्या मुलींना घेऊन पूर्णेच्या काठानं फिरायला जात, एक डाव्या हाताला, एक उजव्या, आणि मुली वडिलांच्या बरोबरीनं बडबडत चालत. हे तिनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. नवापुऱ्यातल्या सासरच्या भरल्या घरात बोलायला जागा नव्हती. ती संध्याकाळी हळूच म्हणाली होती, "आपण पायी जाऊ या का, सुरसागर तळ्यापर्यंत? दोघंच." सुभानरावांना हसू फुटलं होतं. "पायी? लोक म्हणतील, सुभानरावानं स्कूटर विकली!" तीही हसली होती. किती पटकन हसली होती ती! मग ते स्कूटरनं गेले, सुरसागराला एक चक्कर मारली आणि भेळ बांधून परत आले, आणि त्यांना वाटलं, बायकोची हौस पुरवली. त्यानंतर ती अधूनमधून विचारत राहिली. अकोट्याचा पूल नवा रुंद केला तेव्हा, कमाटीबागेत गुलाब फुलले तेव्हा, मुलगा विक्रमसिंह बोर्डिंगात गेला आणि घर रिकामं झालं तेव्हा. "चला ना, जरा पाय मोकळे करून येऊ." पण सुभानरावांमागं कारखाना, पाळ्या, युनियन, नंतर स्वेच्छानिवृत्तीची धावपळ. कधी नाही म्हटलं असंही नाही. 'बघू' म्हटलं. स्कूटरवर ती कायम मागं बसायची, तिचा चेहरा कसा होता ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मारुतीत ती शेजारी आली, पण तोवर बडोद्यात रहदारी इतकी वाढली होती की नजर रस्त्यावरून हलवायची सोय राहिली नाही. आणि कधी लग्नाकार्यात, देवळात चार पावलं पायी जायची वेळ आलीच तर घराण्याच्या रीतीनं पुरुष पुढं, बाई मागं. मागून ती म्हणायची, "व्हा पुढं, येते मी." आणि ते व्हायचे.

रक्तात साखर निघाली तेव्हा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चालायचा हुकूम दिला. हुकूम म्हटल्यावर शिलेदाराचं रक्त लगेच तयार! पांढरे बूट आणले, आणि दिवाळी सरल्यावर एका सकाळी ते म्हणाले, "चल. तुझंच खरं झालं. आता रोज दोघं." त्या सकाळी कमळा देवाला फूल वाहायलासुद्धा विसरली. स्वेटर, कानाला रुमाल, हातात उगाच छोटी पिशवी. सम्याच्या सोसायट्या संपल्या की कॅनॉल लागतो. धुक्यात पाणी दिसायचं नाही, नुसता गारवा यायचा. सुभानराव छाती काढून, हात मागं बांधून पुढं. चालायचं म्हणजे हे असंच, दुसरं त्यांना येत नव्हतं. आणि मागून थोड्या थोड्या वेळानं तिचा आवाज, "व्हा पुढं, येते मी." त्यांना वाटायचं, बायकांची चाल. शिवाय तिला वाटेत सगळंच बघायचं असायचं. रस्त्याकडेच्या छोट्या देवळापाशी, देरीपाशी, थांबून मारुतीला हात जोडणार, तेही निवांत, डोळे मिटून. नाल्याच्या कठड्याला टेकून कुणाच्या तरी बोगनवेलीचं कौतुक करणार. आणि कॅनॉलच्या वळणावर ज्वारीचा पोंक विकणारा बसायचा, त्याच्यापाशी तर ती हटकून रेंगाळायची. हिरवे कोवळे दाणे, निखाऱ्यांचा वास. नवसारीची पोर, पोंक म्हणजे तिचं माहेर. भाव विचारायची, दाणा चाखायची, पुन्हा भाव विचारायची, आणि घ्यायची नाही. "घ्यायचा नसेल तर विचारतेस कशाला?" ते लांबून ओरडायचे. "तुम्ही व्हा ना पुढं." आख्खी थंडी अशी गेली. घरी येऊन ते चहाबरोबर सांगायचे, "आज तुझ्यामुळे वेळ लागला," आणि ती गुडघ्यांवर शालीचं टोक ओढून घ्यायची. थंडीच होती. शाल कुणीही ओढून घेतं.

दोन दिवस सुभानराव विचार करत राहिले. तेवढ्या किमतीत एके काळी दोन लँब्रेटा आल्या असत्या, हे त्यांनी स्वतःलाच इतक्यांदा सांगितलं की त्यातली हवाच गेली. किमतीचं काही नव्हतं. विक्रमसिंहचा गुडगावहून फोन आला, "पप्पा, घेऊन टाका ना, त्यात काय एवढं? मी देतो." त्यात काय एवढं, हे त्यालाच सांगता आलं असतं तर! ती सायकल घरात आली म्हणजे कमळा पुन्हा कधीच बरोबर येणार नाही, हे जणू दोघांच्या सहीशिक्क्यानं ठरलं असतं. जोवर आणली नाही तोवर काहीतरी शिल्लक होतं. एखादं मलम, केरळचं तेल, कुणाच्या तरी ओळखीचा वैद्य. कॅनॉल कुठं पळून जातोय? उन्हाळा सरेपर्यंत गुडघे विश्रांती घेतील, आणि मग या खेपेला आपण हळू चालू. त्यांना आधार हवा होता तो शेजारच्या जयवंतरावांनी आयता दिला. जयवंतरावांकडे अशीच एक सायकल गॅलरीत होती, आणि तिच्या हँडलवर कायम टॉवेल. "घ्या ने, सुभानराव! एकदम सरस वस्तू. पहिला महिना माणूस वापरतो, पछी धोब्याचे कपडे. आमच्या घरात तर याच्यापेक्षा सारू वाळत घालायचं साधन नथी." सुभानराव मनापासून हसले. मग घरात येऊन, काहीतरी मोठं जिंकल्याच्या सुरात म्हणाले, "ऐकलं का, त्या सायकली नुसत्या टॉवेल वाळवायला होतात." कमळा ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती. एक हात पिठाचा, दुसऱ्यानं ओट्याची कड घट्ट धरलेली. "असं?" ती म्हणाली. "मग नका घेऊ." ती कड ती केव्हापासून धरत होती कोण जाणे. त्यांना वाटायचं, उभं राहण्याची ढब आहे तिची.

तिसऱ्या सकाळी ते एकटेच चालायला निघाले. थंडी केव्हाच गेली होती, चैत्राचं ऊन सकाळपासूनच डोक्यावर बसत होतं. रोजच्यासारखे ते तडक पुढं झाले, आणि देरीपाशी आल्यावर त्यांचे पाय थांबले. मागून आवाज आला नव्हता. ते थांबलेच होते, तर मारुतीला नमस्कार करावा म्हणून देरीकडे वळले, आणि त्यांना दिसलं की देरीला लोखंडी कठडा आहे, हाताला बरोबर येईल एवढ्या उंचीचा, आणि त्याचा रंग एका जागी गेलेला आहे. तिथं हात ठेवून, डोळे मिटून, निवांत. ते घाईनं पुढं गेले. नाल्याचा कठडा आला, टेकायच्या उंचीचा. समोर बंगल्याच्या भिंतीवर बोगनवेल होती खरी, पण वाळकी, काटेरी, कौतुक करावं असं तिच्यात काही नव्हतं, भर थंडीत तर नव्हतंच. आता त्यांना पुढं जायचं नव्हतं, पण पाय गेले. वळणावर पोंकवाला नव्हता. त्याचा हंगाम सरला होता. काळ्या पडलेल्या तीन विटा होत्या, थोडी राख, आणि एक पालथा घातलेला लाकडी खोका. सुभानराव त्या खोक्यावर बसले. बसल्यावर डोळ्यांसमोर सरळ रस्ता होता, कॅनॉलच्या कडेनं पुढं गेलेला, आणि त्यांना कळलं की इथं बसून भाव विचारताना तिला काय दिसत असणार. त्यांची पाठ दिसत असणार. हात मागं बांधलेली, ताठ, लांब लांब जाणारी पाठ. ती पाठ एकदासुद्धा वळली नाही. वळायचं असतं हे त्या पाठीला कुणी शिकवलंच नव्हतं. घोडेस्वार मागं बघत नाही, ही आणखी एक आजोबांचीच म्हण. सुभानरावांना आजोबांचा राग आला, मग आपण साठीला आलेला माणूस आजोबांवर रागावतोय याचा आला, आणि मग राग कुठं ठेवावा हेच कळेना. ऊन चढत होतं. एक ट्रॅक्टर धुरळा उडवत गेला. एका दिवशी तरी वळून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? ती लंगडताना दिसली असती. त्याच दिवशी थांबलो असतो. गुडघे राहिले असते थोडे.

घरी आले तेव्हा ती शेंगा सोलत बसली होती. ते बूट न काढताच समोर बसले. "नको ती सायकल," ते म्हणाले.

"बरं."

"आपण चालू. हळू. तू म्हणशील तिथं थांबू. मी मागं राहीन हवं तर."

कमळाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिनं ती सोलली, दाणे ताटात टाकले. "आता?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पाय होते तेव्हा मी म्हणत होते चला. तुम्हांला वेळ नव्हता. आता वेळ आहे, पण पाय कुणाचे आणू?"

"डॉक्टरला का नाही सांगितलंस? मला का नाही? आख्खी थंडी..."

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात. हे घोडं एकदा थांबलं की पुन्हा निघत नाही, ठाऊक होतं मला." ती किंचित हसली. "इतक्या वर्षांनी निघालं होतं. म्हटलं, चालतंय तोवर चालू दे."

"पण मी तर पुढंच असायचो. बरोबर कुठं होतो?"

"पुढं होतात. पण होतात ना रस्त्यावर. दिसत होतात."

इतक्या थोडक्यावर तिनं भागवलं होतं. एवढंसं मागणाऱ्या माणसाला एवढंसंच देऊन आपण मोकळे झालो, आणि ते देताना आपल्याला ठाऊकही नव्हतं की देतोय. त्यांना तिच्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला. त्यांच्या घराण्यात भर दिवसा असं कुणी केलं नव्हतं. त्यांनी ताटातल्या शेंगा घेतल्या आणि वेड्यावाकड्या सोलू लागले.

"घ्या ती सायकल," थोड्या वेळानं कमळा म्हणाली. "तीच, महागातली. तिच्यात किती लांब गेलं ते दिसतं. स्वस्तातलीत नाही दिसत, विचारलंय मी त्या पोरीला."

"तुला कशाला हवं ते?"

"हवंय मला," ती म्हणाली. "आणि टॉवेल कुणी टाकला तर हात तोडीन."

सायकल आली. दोन माणसांनी खोकं फोडून ती गॅलरीत जोडली, थर्माकोलचे पांढरे कण घरभर झाले. कमळानं आतून हळदकुंकू आणलं, सीटवर बोट टेकलं, देवाच्या कोनाड्यातलं एक झेंडूचं फूल हँडलवर ठेवलं, आणि गुळाचा खडा नवऱ्याच्या हातावर ठेवत म्हणाली, "घ्या. वरातीमागून का होईना, घोडं आलं." सुभानराव हसले. हसताना गूळ तसाच तोंडात राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पांढरे बूट चढवले. ती सायकलीवर बसली होती, पदर खोचून, दोन्ही हातांनी हँडल धरून, तोंड गॅलरीच्या गजांकडे, कॅनॉलच्या दिशेला. तिनं पायडल फिरवायला सुरुवात केली. मागं न बघता, सवयीनं म्हणाली, "व्हा पुढं, येते मी."

ते गेले. हळू गेले. देरीपाशी कठड्याला हात लावून थांबले, नाल्यापाशी टेकले, वळणावरच्या खोक्यावर बसले. रस्त्याच्या डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडून चालत होते. त्या रिकाम्या जागेतून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, तेव्हा त्यांना त्याचा विनाकारण संताप आला. जे कधी केलं नाही ते सगळं त्यांनी केलं, चालता चालता वळूनसुद्धा पाहिलं, आणि मागं सोसायट्यांच्या टाक्या, तारा आणि उन्हाचा लोळ यांखेरीज काही नव्हतं. ते घरी परतले तेव्हा अंगाला घाम होता. गॅलरीतून पायडलची संथ घरघर ऐकू येत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. ते दारात उभे राहिले. कमळाचा ब्लाऊज पाठीवर भिजला होता, केसांची बट गालाला चिकटली होती, पाय अगदी हळू फिरत होते. या खेपेला तिची पाठ त्यांच्याकडे होती. बुटांचा आवाज ऐकून ती म्हणाली, "आलात?"

"आलो."

तिनं पट्टीवरच्या लाल आकड्यांकडे पाहिलं. दम लागलेला होता, तरी आवाजात नवसारीची ती पोर होती. "मी तर अजून पोंकवाल्यापाशीच आहे," ती म्हणाली. "बसा तुम्ही. चहा घ्या."

सुभानरावांनी खुर्चीकडे पाहिलं, पण ते बसले नाहीत. बूट न काढता ते तसेच तिथं उभे राहिले, ती येईपर्यंत.